वेदना न कळणारी माणसे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात शिस्त, अभ्यास आणि परीक्षेची तयारी यांवर बोलले जाते, आणि ते बोलले गेलेच पाहिजे. या वर्षी मुख्याध्यापक साहेबांनी मला सांगितले, की विज्ञानातला एखादा विषय घ्या, पण स्वयंपाकघरातल्या माणसालाही समजेल असा बोला. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. डॉक्टर नव्हे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणकारांना विचारून जमवलेले आहे. विषय असा, की जन्मापासून ज्यांना शरीराची वेदना म्हणून काही कळतच नाही अशी काही माणसे या जगात आहेत.

हे ऐकताच तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की केवढे नशीब! दाढ दुखायची नाही, कंबर धरायची नाही, विंचू चावला तरी झोप मोडायची नाही. मलाही आधी तसेच वाटले होते. पण अशा मुलांची हकीकत वाचत गेल्यावर हे वाटणे फार वेळ टिकत नाही.

उत्तर पाकिस्तानात एक दहा वर्षांचा मुलगा होता. तो रस्त्यावर खेळ करी. खेळ असा, की स्वतःच्या दंडातून सुरी आरपार घालायची आणि पेटलेल्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालायचे. खेळ आटोपला की दवाखान्यात जाऊन मलमपट्टी करून घ्यायची. तिथली मंडळी त्याला चांगली ओळखत. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाचे आनुवंशिकीचे डॉक्टर जेफ्री वुड्स यांना या मुलाची माहिती मिळाली. त्याची नीट तपासणी करायचे ठरले. पण ती व्हायच्या आधीच, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, तो मुलगा गेला. एका घराच्या छतावरून त्याने उडी घेतली होती. मित्रांना आपली हिंमत दाखवायला उडी मारली, असे सांगतात.

आपल्याकडे उरुसात रिफाई फकिरांचा रातीब तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो वेगळा विषय. तिथे श्रद्धेचा आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचा भाग असतो, आणि तो करणाऱ्याला दुखणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते. या मुलाला ते ठाऊकच नव्हते. आगीवरून चालताना त्याने काही सोसले नाही, आणि म्हणूनच कुठे थांबावे हे सांगणारे त्याच्या आत कोणी नव्हते. त्याच्याभोवती जमून पैसे टाकणाऱ्या गर्दीत त्याच्या बापाच्या वयाची माणसे असतीलच. त्यांतल्या एकालाही त्याचा हात धरावासा वाटला नसेल का, हा प्रश्न ती हकीकत वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

हा प्रकार केवळ तिकडचा नाही. १९३२ साली डिअरबॉर्न नावाच्या अमेरिकन डॉक्टरने अशाच एका माणसाचे वर्णन प्रसिद्ध केले. वैद्यकीय ग्रंथांत या विकाराची ही सुरुवातीची नोंद मानतात. तो माणूसही नाटकगृहात स्वतःच्या अंगात टाचण्या टोचून घेण्याचा खेळ करी. ज्याला दुखत नाही त्याचा तमाशा होतो, ही रीत दोन्ही देशांत सारखीच.

डॉक्टर वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग त्याच मुलखातल्या तीन कुटुंबांतील सहा मुलांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. या सहाही मुलांना आयुष्यात एकदाही, शरीराच्या कोणत्याही भागात, वेदना झाली नव्हती. त्यांना स्पर्श कळे. ऊन-गार कळे. गुदगुल्या होत. बुद्धीने ती इतर मुलांसारखीच होती, असे त्यांचे आई-वडील आणि शिक्षक सांगत. फक्त दुखणे नव्हते. सहाही जणांचे ओठ किंवा जीभ जखमी झालेली होती. लहानपणी, पहिल्या चार वर्षांत, त्यांनी ती स्वतःच चावली होती. काहींच्या जिभेचा टोकाकडचा भागच नाहीसा झाला होता. बहुतेकांची हाडे केव्हा ना केव्हा मोडली होती किंवा हाडांत पू झाला होता. पण हे उमगले ते फार उशिरा, मूल लंगडते आहे किंवा एक हात वापरत नाही असे घरच्यांच्या लक्षात आल्यावर.

या अहवालातली एक बारीकशी नोंद मला शिक्षक म्हणून विसरता येत नाही. त्यांतली मोठी मुले फुटबॉल खेळताना कोणी पाडले तर दुखल्यासारखा चेहरा करीत. त्यांना दुखत नसे, पण अशा वेळी इतर मुले कळवळतात हे त्यांनी पाहून ठेवले होते. आपण निराळे दिसू नये म्हणून ती मुले कळवळण्याचे सोंग शिकली होती. वर्गात इतरांसारखे दिसण्यासाठी मुले किती धडपडतात हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. पण असे सोंग मी कधी ऐकले नव्हते.

आता हे होते कसे, ते थोडक्यात पाहू. आठवी-नववीच्या मुलांनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

आपल्या कातडीत, हाडांवरच्या आवरणात, सांध्यांत अतिशय बारीक मज्जातंतूंची टोके असतात. त्यांतली काही फक्त धोक्याची वर्दी देण्यासाठीच असतात. तव्याला बोट लागले की या टोकाशी एक सूक्ष्म विद्युत्-लहर निर्माण होते, ती मज्जातंतूतून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत जाते, आणि मेंदूत गेल्यावर तिची 'वेदना' होते. ही लहर उठते ती सोडियममुळे; आपल्या जेवणातल्या मिठात असतो तोच सोडियम. मज्जापेशीच्या पापुद्र्यात सोडियम आत सोडणारी दारे असतात. धोक्याची वर्दी देणाऱ्या तंतूंत अशा एका दाराचे काम फार मोलाचे असते. शास्त्रज्ञ त्याला 'एन-ए-व्ही १.७' म्हणतात. टोकाशी आलेला हलका धक्का हे दार वाढवते, इतका की पुढची सारी दारे धडाधड उघडावीत.

हे दार प्रथिनाचे बनते आणि ते कसे बनवायचे याची आज्ञा 'एस-सी-एन-९-ए' नावाच्या जनुकात लिहिलेली असते. हे जनुक आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. मराठीच्या शिक्षकाला समजेल असे सांगायचे तर, त्या तीन कुटुंबांतल्या मुलांच्या या आज्ञेत वाक्य पुरे होण्यापूर्वीच पूर्णविराम पडला होता. प्रत्येक कुटुंबात तो निराळ्या जागी पडला होता, परिणाम मात्र एकच. वाक्य अर्धे, म्हणून दार अर्धे. आणि अर्धे दार म्हणजे दार नव्हेच. दारावरच्या घंटीचे बटण दाबले, तारही शाबूत आहे, पण वीजच सुरू होत नाही, तसा हा प्रकार. नाकातल्या वास घेणाऱ्या तंतूंनाही हेच दार लागते. त्यामुळे असा विकार असलेल्यांना वासही येत नाही, हे २०११ साली सिद्ध झाले. म्हणजे हात भाजला तरी कळायचे नाही, आणि भाजल्याचा वासही यायचा नाही.

याच जनुकात उलट प्रकारचा बिघडही होतो. दार बंद राहण्याऐवजी सहज उघडते आणि लवकर मिटत नाही. मग किरकोळ उबेने, पायात मोजे घातल्याने सुद्धा हातपाय लाल होऊन निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजतात. चीनमधल्या अशा कुटुंबांत हे जनुक २००४ साली सापडले होते. त्या रुग्णांना पाय गार पाण्यात बुडवून बसावे लागते. एकाच दाराच्या बिघाडाने एकाला कधीच दुखत नाही आणि दुसऱ्याचे दुखणे कधी थांबत नाही.

दुसरा एक प्रकार याहून कठीण आहे. त्यात मुलाला वेदनाही होत नाही आणि घामही येत नाही. इथे विजेचा दोष नसतो, तारच घातलेली नसते. गर्भात वाढताना या विशिष्ट मज्जातंतूंना जगण्यासाठी एक पोषक द्रव्य लागते. ते द्रव्य ओळखणारे जनुक सदोष असले तर हे तंतू गर्भातच मरून जातात. १९९६ साली जपानमधल्या संशोधकांनी हे जनुक दाखवून दिले. जपानात आणि इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या बदाऊनी अरबांत असे रुग्ण तुलनेने अधिक आढळले आहेत. वाळवंटातले मूल आणि त्याला घाम नाही! ताप चढला की उतरत नाही. तान्हेपणी असा ताप जिवावर बेततो, आणि यांतल्या पुष्कळ मुलांची बुद्धीची वाढही मागे राहते.

हे पोषक द्रव्य ज्यांनी शोधले त्या बाईंची हकीकत विद्यार्थिनींसाठी सांगतो, थोडे विषयांतर झाले तरी चालेल. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटलीच्या. त्या यहुदी होत्या म्हणून १९३८ च्या मुसोलिनीच्या कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढले. त्यांनी तूरिन शहरातल्या आपल्या निजण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम चालू ठेवले. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी ते पुरे केले. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १०३ वर्षांच्या होऊन २०१२ साली त्या वारल्या. घरात जागा नाही, सामान नाही, म्हणून प्रयोगवही कोरी ठेवणाऱ्या मुलींनी हे लक्षात असू द्यावे.

अशा मुलाला वाढवणे म्हणजे काय, याची कल्पना आयांना लगेच येईल. आपण मुलाला 'हात लावू नको, भाजेल' असे दहा वेळा सांगतो, पण खरे शिकवते ते एकदा लागलेला चटका. त्या चटक्याशिवाय मूल वाढवायचे आहे. दात येऊ लागले की असे बाळ स्वतःची जीभ आणि बोटे चावते. काही ठिकाणी दंतवैद्याला दात घासून बोथट करावे लागतात, काही वेळा काढावेही लागतात. डोळ्यात कचरा गेला तरी ते डोळा चोळत राहते आणि बुबुळाला जखम होते, म्हणून रात्रंदिवस चष्मा. रोज रात्री कपडे काढून डोक्यापासून तळपायापर्यंत अंग तपासायचे. पाण्याचे तापमान मोजूनच आंघोळ. आणि एवढे करूनही मुलाच्या अंगावरच्या जखमा पाहून शेजारी, कधी डॉक्टर सुद्धा, आई-बापाकडेच संशयाने पाहतात. पाश्चात्य देशांत अशा पालकांवर मुलाला मारहाण केल्याचा आळ आल्याची उदाहरणे वैद्यकीय लेखांत नोंदलेली आहेत.

शिवाय सांधे झिजतात, आणि त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. आत्ता तुम्ही सारे या खुर्च्यांवर आणि सतरंजीवर बसलेले आहात. मी बोलायला लागल्यापासून प्रत्येकाने कितीतरी वेळा बूड हलवले असेल, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला असेल. (माझ्या बोलण्याचा कंटाळा आला म्हणून काहींनी हलवले असेल, ते सोडा.) हे आपण ठरवून करीत नाही. सांध्याला किंचित ताण पडतो, त्याची बारीकशी तक्रार वर जाते आणि शरीर आपोआप बदलते. झोपेत सुद्धा. ही तक्रार ज्याच्या शरीरात होत नाही, त्याचा गुडघा, त्याचा घोटा सारखा एकाच जागी दाबला जातो. मुरगळलेल्या पायावर तो धावतो. विशी-तिशीत त्याचे सांधे म्हाताऱ्याच्या सांध्यांहून वाईट होतात.

आपल्या देशात हे सर्वांत नीट ओळखले ते डॉक्टर पॉल ब्रँड यांनी, आणि तेही वेगळ्याच रोगाच्या निमित्ताने. ब्रँड हे तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले इंग्रज. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रवैद्य होते. त्या काळी सर्वांची समजूत अशी, की कुष्ठरोगात बोटे सडून गळून पडतात. ब्रँड यांनी पाहिले, की रोग्याचे मांस सडत नाही. रोगाने मज्जातंतू मरतात, बधिरपणा येतो, आणि बधिर हाताने रोगी स्वतःलाच इजा करून घेतो. एकदा एक गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका लहान रोगी मुलाने ते किल्ली पिळून सहज उघडले. त्याच्या बोटातून रक्त गळत होते आणि मांस हाडापर्यंत फाटले होते, पण त्याला पत्ता नव्हता. काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर समजले, की झोपेत उंदीर कुरतडून नेतात. मग रुग्णांना घरी जाताना मांजर द्यायची पद्धत पडली.

पुढे अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांनी एक धाडसी प्रयोग केला. ज्यांना वेदना नाही त्यांच्यासाठी यंत्राची वेदना बनवायची. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारी साधने बसवली. दाब धोक्याच्या पुढे गेला की कानात आवाज होई. रोगी आवाज ऐकत आणि काम तसेच पुढे चालू ठेवीत. मग दिवे लावले. त्यांकडेही कोणी लक्ष देईना. शेवटी काखेत, जिथे संवेदना शिल्लक होती तिथे, विजेचा झटका देण्याची सोय केली. तेव्हा रोगी काय करीत? एखादे काम करायचेच असले की आधी झटक्याचे बटण बंद करीत, काम उरकीत आणि पुन्हा बटण चालू करीत! बरीच वर्षे आणि पुष्कळ पैसा खर्च करून हा प्रयोग सोडून द्यावा लागला. ज्या घंटीचे बटण आपल्याच हातात आहे ती घंटी आपण ऐकत नाही, हे त्यातून कळले. आम्ही मास्तर लोकांनी गृहपाठाच्या बाबतीत हे फार पूर्वीच ओळखले होते, पण आमचे कोण ऐकतो!

आता मी ज्या भागाकडे वळतो तो नाजूक आहे. थोडे मन मोकळे ठेवून ऐकावे अशी विनंती आहे.

त्या पाकिस्तानी कुटुंबांत आई-वडील एकमेकांचे जवळचे नातेवाईक होते. हा योगायोग नव्हे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक अब्बांकडून आलेली आणि एक अम्मींकडून. या विकारात एक प्रत बिघडलेली असली तरी काही होत नाही. दुसरी काम भागवते. अशा माणसाला आपण 'वाहक' म्हणू. तो ठणठणीत असतो, त्याला स्वतःला काही माहीत नसते. तुमच्या-माझ्या सर्वांजवळ कोणत्या ना कोणत्या अशा काही बिघडलेल्या प्रती आहेत, यात कमीपणा काही नाही. दोन्ही पालक एकाच बिघाडाचे वाहक असले तरच प्रश्न येतो. मग प्रत्येक मुलाला विकार होण्याची शक्यता चारात एक.

आता फळ्यावरचे गणित तोंडी करू. समजा एका दादाजींकडे अशी एक बिघडलेली प्रत होती. ती त्यांच्या मुलाला मिळण्याची शक्यता अर्धी, मुलीला मिळण्याची अर्धी. त्या दोघांच्या मुलांना, म्हणजे नातवंडांना, पाव-पाव. आता चुलत-आते भावंडांचे लग्न झाले, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता पाव गुणिले पाव, म्हणजे सोळात एक. आणि त्यांचे मूल आजारी असण्याची चौसष्टात एक. हे झाले एका प्रतीचे. दादाजींजवळ आणि दादीजवळ अशा आणखीही प्रती असतील. बाहेरच्या घराण्यातून आलेल्या सुनेजवळ नेमकी तीच दुर्मीळ बिघडलेली प्रत असण्याचा संभव मात्र फार थोडा.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, आणि वाढवूनही सांगत नाही. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून अधिक बाळांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात व्यंगाचे प्रमाण एरवी शंभरात सुमारे ३ आढळले आणि सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांत सुमारे ६. म्हणजे धोका दुप्पट होतो, हे खरे; आणि अशा लग्नांतली शंभरातली चौऱ्याण्णव मुले निरोगी असतात, हेही तितकेच खरे. ज्यांची लग्ने नात्यात झालेली आहेत त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे काही कारण नाही. डार्विनसारख्या शास्त्रज्ञाचे लग्नही मामेबहिणीशीच झाले होते. ही रूढी केवळ आपली नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. आपल्याकडे असे लग्न जायज आहे. पण जायज आहे म्हणजे फर्ज नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या चाचा, मामू, खाला आणि फुफी यांच्याच घरी सोयरीक होत असेल, आणि त्या घराण्यात लहान मुले कारण न कळता दगावत असतील, किंवा एकसारखे व्यंग पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर 'आपल्या घराण्याला हे असेच' म्हणून गप्प बसणे मला पटत नाही. जमीन आणि दागिने घराबाहेर जाऊ नयेत म्हणून आपण जेवढा विचार करतो, तेवढा विचार जन्माला येणाऱ्या मुलाचा व्हावा.

दुसऱ्या समाजांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी लोकांत वेदनेचा आणि अंतर्गत मज्जातंतूंचा असाच एक विकार आहे. तो १९४९ साली प्रथम वर्णिला गेला. त्यात मुलाला रडताना अश्रू येत नाहीत, वेदना कमी कळते, रक्तदाब वर-खाली होतो. त्यांच्यात तिसांत साधारण एक माणूस वाहक आहे. जनुक २००१ साली सापडले. त्याआधीच, १९८३ साली, न्यूयॉर्कमधल्या एका धर्मगुरूने, ज्याची स्वतःची चार मुले दुसऱ्या एका आनुवंशिक रोगाने गेली होती, अशी व्यवस्था उभी केली, की शाळेतल्या मुला-मुलींचे रक्त तपासायचे, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक द्यायचा, कोण वाहक आहे हे कोणालाही सांगायचे नाही. लग्नाची बोलणी सुरू होताच दोन्ही घरांनी दोन क्रमांक कळवायचे आणि जोडी चालेल की नाही एवढेच विचारायचे. कोणाची बदनामी नाही, मुलीच्या नावाला बट्टा नाही. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरेबियाने २००४ पासून लग्नापूर्वी थॅलसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक रोगांची तपासणी सक्तीची केली आहे. वेदना न होण्याचे विकार इतके दुर्मीळ, की त्यांच्यासाठी सर्वांची तपासणी कोणी करणार नाही. पण थॅलसेमिया आणि सिकलसेल हे आपल्या महाराष्ट्रात दुर्मीळ नाहीत, आणि त्यांच्या वाहकाची तपासणी साध्या रक्ततपासणीने होते. निकाहाच्या खर्चाच्या यादीत ती एक ओळ सहज मावेल. आपल्या संस्थेसारख्या संस्थेने यात पुढाकार घ्यावा, अशी सूचना मी अध्यक्ष साहेबांसमोर नम्रपणे ठेवतो.

वर्गातली गोष्ट सांगायची तर, काही मुले पडली तरी रडत नाहीत. कोणी त्यांना बहादूर म्हणतो, कोणी निगरगट्ट. बहुतेक मुले खरोखरच धीट असतात. आज घरी जाऊन कोणी पोराला चिमटे काढून पाहू नयेत! (छडी तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदच झाली आहे.) परंतु तान्हे मूल सुईला कधीच रडत नाही, जीभ-ओठ सारखे फाटलेले असतात, भाजल्याचे डाग पुन्हा पुन्हा दिसतात, मूल लंगडते पण तक्रार करीत नाही, किंवा घाम न येता ताप चढतो, असे एकत्र दिसले तर त्याला करामत समजू नये, कोडगेपणाही समजू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०२१ साली केंद्र सरकारने दुर्मीळ रोगांसाठी धोरण जाहीर केले असून मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यातले एक मान्यताप्राप्त केंद्र आहे.

वेदना हरवण्याचे नेहमीचे प्रकार मात्र आपल्या घराघरांत आहेत. अंगावर फिकट चट्टा आला आणि तिथे टोचलेले कळत नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. भारताने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपल्याचे जाहीर केले असले तरी नवे रुग्ण अजून सापडतात. आणि मधुमेह! कितीतरी बुजुर्गांच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने गेलेली असते. चपलेतला खडा कळत नाही, फोड कळत नाही, आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. आपल्या बुजुर्गांना मी एवढेच सांगेन, की वुजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुतले जातातच. त्यांतल्या एका वेळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या नीट डोळ्यांनी पाहा. वाकता येत नसेल तर नातवाला बसवा. त्याचे डोळे चांगले आहेत.

शेवटी, या दुर्मीळ मुलांच्या अभ्यासातून इतरांना काय मिळाले ते सांगतो. ज्या दाराच्या अभावी वेदना जाते, ते दार औषधाने काही तासांपुरते बंद करता येईल का, या मागे जगातले संशोधक २००६ पासून लागले आहेत. त्या नेमक्या दारावरचे औषध अजून यशस्वी झालेले नाही. पण त्याच्या जोडीच्या दारावर, 'एन-ए-व्ही १.८' वर, काम करणाऱ्या सुझेट्रिजीन नावाच्या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये परवानगी मिळाली. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेवर ती देतात. अफूपासूनच्या औषधांसारखे तिचे व्यसन लागेल अशी भीती नाही, हा तिचा मोठा गुण.

लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली उलट्या बाजूचा प्रयोग केला. या मुलांच्या शरीरात अफूसारखी नैसर्गिक द्रव्ये जास्त तयार होतात असे त्यांना आढळले होते. त्यांनी एका ३९ वर्षांच्या बाईंना, ज्यांना जन्मापासून वेदना नव्हती, ती द्रव्ये अडवणारे औषध दिले आणि हातावर उष्णतेचा किरण सोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुखले. बाईंना त्याची मौज वाटली असावी, असे त्या संशोधकांपैकी एकाने पुढे सांगितले.

माझी वेळ संपली आहे. आपल्या निमंत्रणावरून आलेले डॉक्टर साहेब समोर बसले आहेत. ज्या शंकांची उत्तरे मराठीच्या मास्तरला देता येणार नाहीत, त्या त्यांना विचाराव्यात. भगिनींपैकी कोणाला सर्वांसमोर विचारायचे नसेल त्यांनी चिठ्ठी लिहून बाईंकडे द्यावी.